आधी आईनं बसून बघायचं

खालापूरचे नळीभाऊ शर्यतीची गाडी पुरी करण्याआधी चालवणाऱ्याच्या आईला बोलावून सांगाड्यात बसवत. बाप चालत नसे. "बाप मिशीला पीळ देऊन झकास म्हनतो, बाई. आई खरं बोलते." भाऊ गेल्या वर्षी गेले, हे वाक्य अजून कानात आहे.

सारा जन्म लोखंडी नळ्या वाकवण्यात गेला म्हणून ते नळीभाऊ. माझी मुक्ता ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर डोळ्याचं पातं लवेस्तोवर संपणाऱ्या शर्यतीच्या नादी लागली आणि मी, कर्जतची मास्तरीण, त्यांच्या गॅरेजात येऊन पडले.

सांगाड्यांची कुळकथा ते घरच्यासारखी सांगत. "पनजोबा म्हंजे साधी मोटार, पत्रा उतरवून हलकी केलेली. आजोबा नुसत्या दोन पट्ट्या, शिडीवानी. बापाच्या येळेला बारीक नळ्या आल्या, लांबलचक. पन इंजिन म्होरं, मानूस मागं! फुटलं की तेल न् आग तोंडावर." मग कुणीतरी इंजिनच पाठीमागे नेलं, हे सांगताना त्यांचा चेहरा मोकळा होई. "येवढं सुचायला किती पोरं गेली, बाई!"

सांगाडा ताठ हवा, असं मला वाटे. "नाय वो. लांबीला जरा वाकला तर चाकं जमीन धरतात. मानसाभवती मातुर वाकायचं नाय."

मुक्ताच्या गाडीच्या सांगाड्यात मी बसले खरी, पण निघता येईना. साडी अडकली, गुडघा अडकला. मेली मुक्ता खो खो हसत होती! भाऊही हसले, मग माझ्या अडकलेल्या गुडघ्याकडे वाकून बघू लागले. "चुकलं माझं. मजबूत केलं, पन भाईर यायची वाट इसरलो." त्यांनी तयार नळी कापून मला काढली आणि ती बाजू पहिल्यापासून नव्याने बांधायला घेतली. शर्यत तोंडावर आलेली, मुक्ता चिडली. "तुजी आई सवताहून भाईर येईस्तवर गाडी जायाची नाय गं," भाऊ तिला म्हणाले. मी आपली आपण बाहेर आले, तेव्हाच गाडी शर्यतीला गेली.

शर्यतीला जायची माझी छाती झाली नाही. दुपारी भाऊंचा फोन आला.

"बाई, गाडी गेली! चाक निखळलं, उलटली, पेटली, पार भंगार!"

माणूस चक्क हसत होता, लग्न ठरल्याचं सांगावं तसा. "मुक्ता?" मी ओरडले.

"आपली आपन भाईर आली. खरचटलंय नुसतं. गाडी का नाय टिकली म्हून माज्यावरच डाफरतेय!"

"डाफरू दे हो, भाऊ," मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडत म्हटलं, "पोटभर डाफरू दे तिला."