मुहूर्तावर निजलेला टॉवर

"इथं कोण बसून राहिलंय?" रिकाम्या खोलीत शिरलं की अप्पा आधी पंख्याला विचारायचे आणि लगेच बटण बंद करायचे. मग खोली आमच्या नांदेडच्या ऑफिसातली असो की लोकांच्या घरची. एकदा तर यजमान फक्त पाणी आणायला आत गेले होते.

मोबाइल टॉवरांवर नजर ठेवणं हे आमचं काम. अप्पा माझे वरिष्ठ, उदगीरकडचे, आणि टॉवर निजवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणजे दुपारी गाव शेतात गेलं, की बोलण्यापुरतं एक यंत्र चालू ठेवायचं आणि व्हिडिओसाठी लागणारी जास्तीची यंत्रं बंद करायची. तेवढीच वीज वाचते. ते झालं की अप्पा आम्हाला दटावायचे, "हळू बोला, निजलंय लेकरू."

लग्नसराईसाठी त्यांनी संगणकाशेजारी पंचांगच टांगलं होतं. मुहूर्ताच्या दिवशी टॉवरनं मुहूर्तानंतर तासाभरानं निजायचं. आता तुम्हीच सांगा, मराठवाड्यात हयात घालवलेल्या माणसानं लग्नाचा मुहूर्त खरा धरावा?

एकदा मुखेडजवळच्या एका गावी टॉवर बघायला गेलो, तर शेजारीच मांडव. जेवल्याशिवाय कोण सोडतंय! नवरीचा भाऊ फौजेत. सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून फोनवरूनच लग्न बघणार होता. "दादा दिसल्याबिगर मी हार घालणार न्हाई," असं नवरीनं सगळ्यांना बजावलं होतं.

मुहूर्त टळला. परण्याला, म्हणजे वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला, निघालेल्या नवरदेवाला नाचणाऱ्यांनी तासभर मारुतीपुढून हलू दिलं नाही. अखेर तो मांडवात आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि फोनमधला भाऊ हात वर केलेला तसाच थिजला. मग दिसेनासाच झाला.

अप्पांच्या हातातली बुंदी ताटात पडली. "अगं माय! निजला की तो!"

बोलण्यापुरतं यंत्र जागं होतं, म्हणून नांदेडला फोन तरी लागला. "उठव त्याला! नवरी खोळंबलीय इथं!" पण टॉवर काही लगेच उठून बसत नाही. अप्पा उष्ट्या हातानं अंतरपाटापाशी धावले.

"महाराज, अजून म्हणा."

"संपली की ओ सगळी!"

"मग पुन्हा पहिल्यापासून!"

महाराजांनी खरंच पुन्हा सूर लावला. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. शेवटी अक्षता संपल्या, तेव्हा बायकांनी घरातून तांदूळ आणले. मला हसू आवरेना. नवरी मात्र हार घट्ट धरून त्या काळ्या पडद्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे पाहून माझंही हसू विरलं.

आणि भाऊ आला! "दिसला गं माय, दादा दिसला!" म्हणून ती ओरडली, तशी वाजंत्री कुणी सांगायच्या आधीच सुरू झाली.

आता लग्न असेल त्या गावचा टॉवर आम्ही दिवस मावळेपर्यंत जागाच ठेवतो. अप्पांची लातूरला बदली झाली. त्यांच्याशिवाय ऑफिसात करमत नाही, हे सरळच सांगतो.

ते आठवतात ते त्याच मांडवातले. भावाला सगळं नीट दिसावं म्हणून फोन घेऊन खुर्चीवर चढलेले, केसांत अक्षता, पण गडबडीत पडदा स्वतःकडेच धरलेला. पलीकडून फौजी विचारतोय, "मामा, तुम्ही कोण?" आणि अप्पा भरल्या डोळ्यांनी त्याच्यावरच खेकसतायत, "माझ्याकडं काय बघून राहिलास? बहिणीकडं बघ की!"