जागेवर नसलेले शिंपले

शिंपल्यांच्या चोरीची ती घटना आजही मला तपशिलासकट आठवते. तिच्यात खून नाही, दरोडा नाही, पाठलाग तर नाहीच नाही. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बसणारी मंडळी मला एखादी थरारक केस सांगा म्हणतात, तेव्हा मी हीच सांगतो आणि त्यांचा हिरमोड करतो. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी ज्या एका माणसापुढे मनापासून ओशाळलो, तो या प्रकरणातला संशयित होता. नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक धरण होतं. धरणाकाठच्या गावात अठरा बायकांच्या गटाला सरकारी योजनेतून गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा प्रकल्प मिळाला होता. धरणातले जिवंत शिंपले गोळा करायचे, त्यांच्या पोटात लहानसा मणी बसवायचा, मग नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत भरून ते पाण्यात टांगून ठेवायचे. दीड वर्षात मण्यावर मोत्याचा थर चढतो. एका आडोशाच्या खाडगीत, म्हणजे धरणाचं पाणी जिथे आत शिरतं अशा जागी, त्यांनी बांबू रोवून शंभरावर जाळ्या टांगल्या होत्या. जाळ्या खाली जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधलेली. योजनेचा पहिला हप्ता यातच संपला होता. दुसरा हप्ता तपासणी झाल्यावर मिळणार होता.

एप्रिलमधल्या एका सोमवारी गटाच्या अध्यक्षा आणखी चौघींना घेऊन ठाण्यात आल्या. पस्तिशीच्या, बोलायला ठाम. त्यांनी सांगितलं की शनिवार-रविवार सगळं गाव एका लग्नाला शेजारच्या तालुक्यात गेलं होतं. परत येऊन बघतात तर एकही जाळी नाही, नुसते बांबू उभे. तपासणी पुढच्या मंगळवारी होती. त्या दिवशी जाळ्या जागेवर दिसल्या नाहीत तर दुसरा हप्ता गेला आणि आजवरची मेहनतही गेली. त्यातल्या तिघींनी त्यासाठी शेतमजुरी सोडली होती.

फिर्याद नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. पाणी मांडीपर्यंत होतं. पंच पाण्यात उतरले, बांबू मोजले, मी काठावरून लिहून घेतलं. खरं सांगायचं तर बूट ओले करायचा मला कंटाळा आला होता.

खबर दुसऱ्याच दिवशी मिळाली. आमच्या हद्दीत खबऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत, दुकानात चहा प्यायला बसलं की पुरतं. लग्नाला न गेलेला एकच धडधाकट माणूस गावात होता, आणि भर दुपारी ट्रकच्या ट्यूबवर बसून तो खाडगीत फिरताना पलीकडच्या गावच्या एका गुराख्याने पाहिला होता. म्हातारा सत्तरीचा, पिढीजात मासेमार. अध्यक्षाबाईंचा तो चुलत सासरा. त्याच्या छपरात झडती घेतली तर दोन पोत्यांत भरलेल्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, दोऱ्यांसकट. मुद्देमालाचा धागा सापडला की पोलिसाचं डोकं विचार करायचं थांबतं. माझंही थांबलं.

कारणही तयार होतं. शिंपल्यांच्या विणीच्या दिवसांत त्या खाडगीत कुणी शिंपले काढायचे नाहीत असा नियम बायकांच्या गटाने केला होता, आणि म्हातारा तर जन्मभर तिथेच शिंपले काढून खात आलेला. गावच्या बैठकीत तो बरंच काही बोलला होता. गंमत म्हणजे चिखलात पायाच्या अंगठ्याने चाचपून शिंपला कसा ओळखायचा हे बायकांना त्यानेच शिकवलं होतं. गावातल्या लोकांनी हिशेब जुळवून टाकला: राग होता, संधी मिळाली, काढून विकले.

एवढ्या गुन्ह्यासाठी लगेच अटक करायची नसते. नोटीस देऊन मी त्याला रोज सकाळी ठाण्यात बोलवायचो. तो दहाच्या आत यायचा, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा, दुपारी फडक्यातली भाकरी सोडून खायचा आणि पाणी स्वतः जाऊन प्यायचा. चौकशीला बसवला की एकच वाक्य: "मी चोरी केली नाय." जाळ्या कुठे आहेत विचारलं की गप्प. तूच काढल्यास ना विचारलं की पुन्हा गप्प.

मी गोड बोलून पाहिलं. मग आवाज चढवला. सुनेच्या पोटावर पाय देतोस, लाज वाटत नाही का, असं बरंच बोललो. एकदा तर त्याच्या वयाचा मान सोडून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो जमिनीकडे बघत राहिला. खोटं बोलणाऱ्याला गप्प बसवत नाही, तो काहीतरी बोलतोच. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेलं वेळेवर आठवेल तर तो पोलीस कसला.

गुरुवारी संध्याकाळी आमचे जुने हवालदार माझ्या केबिनमध्ये आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला शेतकरी माणूस. त्यांनी जप्त केलेल्या पोत्यातली एक बाटली टेबलावर ठेवली.

"साहेब, दोऱ्या बघा. एकबी कापलेली नाय. सगळ्या गाठी सोडलेल्या हायेत. चोर कापतो. ओल्या नायलॉनची गाठ सोडायला नखं झिजत्यात."

मी दोऱ्या पाहिल्या. खरंच, एकही टोक कापलेलं नव्हतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना तीन दिवस क्षुल्लक वाटली होती. म्हातारा रोज घरी जाताना त्यांना एकच विचारायचा, की धरणातून सोडलेलं पाणी बंद झालं का. हवालदार म्हणायचे, मला काय माहीत बाबा, आणि तो मान हलवून निघून जायचा.

हे मात्र मला खटकलं. ज्याच्या डोक्यावर गुन्हा आहे तो वकिलाचं विचारतो, जामिनाचं विचारतो, मुलाला निरोप पाठवा म्हणतो. पाण्याचं कोण विचारतं?

शुक्रवारी सकाळी मी पाटबंधारे शाखेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने पाणीपातळीची नोंदवही उघडून दाखवली. उन्हाळ्याचं ठरलेलं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायचं पाणी, लग्नाच्या आधीच संपायचं होतं. पण खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते वाढवलं गेलं होतं आणि अजून चालू होतं. पातळी रोज उतरत होती. तिथून हवालदारांना घेऊन मी थेट खाडगीवर गेलो.

सोमवारी जिथे मांडीपर्यंत पाणी होतं तिथे आता नुसता गाळ होता. वरचा पापुद्रा वाळून भेगाळला होता. बांबू तळापासून उघडे पडले होते आणि त्यांच्यामधल्या चिखलात धरणातले रानटी शिंपले आ वासून मरून पडले होते. कावळे ते वेचत होते. मी त्या बांबूंपर्यंत चालत गेलो. घोट्यापर्यंत पाय रुतले. जाळ्या इथेच असत्या तर आज त्यांत काय उरलं असतं हे विचारायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता. जाळ्या गेल्यावर बायका इकडे फिरकल्या नव्हत्या, त्यामुळे हे कुणाला माहीतच नव्हतं.

ठाण्यात परत आलो तेव्हा म्हातारा बाकावर होता. त्याने माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

"बाबा, खाडगीवर जाऊन आलो. बांबू उघडे पडलेत."

"समदे?"

"सगळे. पाणी पार खाडगीच्या तोंडापर्यंत मागे गेलंय."

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "लय उतरलं. मला वाटलं त्याच्या अलीकडं थांबंल."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. लग्नाच्या आठ दिवस आधी त्याने पाण्याची ओढ बघून सुनेला सांगितलं होतं की जाळ्या खोल पाण्यात हलवा. तिलाही ते पटत होतं. पण योजनेच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं की तपासणीपर्यंत एकही जाळी हलवायची नाही. मंजुरीच्या वेळी मोबाइलवर जागेसकट काढलेला फोटो आणि तपासणीचा फोटो एकाच जागेचा लागतो. जागा बदलली तर हप्ता थांबतो. आवर्तन संपतच आलंय, पाणी एवढं उतरणार नाही, असं बायकांनी मनाला समजावलं. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. गाव लग्नाला गेल्यावर दोन दुपारी ट्यूबवर खेपा घालून त्याने एकेक जाळी सोडवली आणि जुन्या नदीच्या पात्रात, जिथे उन्हाळ्यातही पाणी आटत नाही, बुडालेल्या बाभळींच्या खोडांना दोरी ताणून बांधली. बाटल्या काढून घेतल्या, कारण त्या तरंगताना दिसल्या असत्या.

मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या आणल्या असत्या. पोरींनी तपासणीसाठी परत तिथंच बांधल्या असत्या. त्यांचा दोष नाय साहेब, त्यांना साहेबाचं ऐकावं लागतं. मंगळवारपर्यंत जगल्या नसत्या."

"आणि तुम्हाला आत टाकलं असतं तर?"

"म्या कुठं मरणार होतो?"

मी दोघांसाठी चहा मागवला.

अध्यक्षाबाईंना बोलावून घेतलं. आधी त्यांना खरं वाटेना. त्या भागात सासऱ्याला आणि त्याच्या भावांनाही मामा म्हणतात. म्हाताऱ्याकडे न बघताच बाई मला म्हणाल्या, "मामा मला सांगून करू शकले असते." मी म्हटलं, त्यांनी सांगितलं होतं, ताई. दुपारी आम्ही होडीतून जुन्या पात्रात गेलो. म्हाताऱ्याने पाण्यात हात घालून दोरी ओढली आणि पहिली जाळी वर आली. बाईंनी एका उघड्या शिंपल्यावर बोटाने टकटक केलं. तो पटकन मिटला. दुसरा मिटला. तिसऱ्याला त्यांचं बोट लागलंच नाही, कारण डोळे पुसायला तो हात त्यांनी वर घेतला होता. म्हातारा दुसरीकडे बघत होता. मलाही दुसरीकडे बघावंसं वाटलं.

मी तिथेच पंचनामा केला: जाळ्या कुठे मिळाल्या, किती, कोणत्या स्थितीत. खाडगीतल्या कोरड्या बांबूंचाही वेगळा पंचनामा लिहिला. या वेळी काठावरून नाही.

मंगळवारी तपासणीला तरुण अधिकारी आले. माणूस सभ्य होता, पण त्यांच्या मोबाइलमधल्या जागेवर भेगाळलेला गाळ होता. जाळ्या दुसरीकडे सुखरूप आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, माझे पंचनामे वाचले, तरी अडून बसले. त्यांनी सुचवलं की दोन-चार जाळ्या फोटोपुरत्या बांबूंना बांधाव्यात, मग न्याव्यात परत. त्यांचा हेतू मदतीचाच होता. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. हप्ता समोर दिसत होता. दोन-चार जाळ्या म्हणजे काय, शंभरातल्या दोन-चार.

अध्यक्षाबाई सासऱ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्याला काही विचारलं नाही.

"लिहा साहेब, जाळ्या जागेवर नाहीत. जागेवर असत्या तर जिवंत नसत्या. दोन्ही लिहा."

अधिकाऱ्यांनी दोन्ही लिहिलं. हप्ता अडकला तो वर्षभर अडकला. बायकांनी ते वर्ष भाजी विकून आणि मजुरीला जाऊन काढलं. मोती निघाले तेव्हा मी बदलून देवळालीला गेलो होतो.

तपासाचं काम राहिलं होतं. गैरसमजातून झालेली फिर्याद असली की कोर्टात 'सी समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल. सहीसाठी म्हाताऱ्याला शेवटचं बोलावलं, तेव्हा त्याने विचारलं की तुमच्या वहीतलं माझं नाव आता खोडणार ना. मी खरं सांगितलं, बाबा, एकदा नोंदलेलं खोडता येत नाही, त्याखाली पुढचं लिहिता येतं.

"मग खाली काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा," तो म्हणाला.

ठाण्यात सून होती, अंमलदार होते, दुसऱ्या कामाला आलेली चार माणसं होती. मी अहवाल पहिल्यापासून वाचला. तो हाताची घडी घालून ऐकत होता. 'सदर इसमाने जाळ्या नदीपात्रात लपवून ठेवल्या' या वाक्यावर त्याने हात वर केला.

"लपवल्या नाय. जगवल्या."

सरकारी कागदात असे शब्द नसतात. मी 'सुरक्षित ठिकाणी हलवल्या' असं केलं, पान पुन्हा टाइप करून आणवलं आणि पुन्हा वाचलं. मग त्याने सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

त्याला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, बाबा, माझं चुकलं. कुठे आहेत हेच विचारत बसलो, का नेल्यात हे आधी विचारायला हवं होतं. माफीबरोबर थोडा शहाणपणाही मिरवावा, असा माझा बेत होता.

"तरी सांगितलं नसतं," तो म्हणाला. "तुम्ही पाणी बघून आला, मग सांगितलं."

त्यानंतरच्या नोकरीत मी शक्यतो कुणाची चौकशी घटनास्थळ पायाखालून घातल्याशिवाय केली नाही. त्यामुळे सगळे गुन्हे उघड झाले असं नाही. पण बाकावर बसलेल्या माणसाशी बोलताना तो काय पाहून आलाय हे मला थोडं तरी ठाऊक असायचं, आणि त्याला ते कळायचं.