देवरामच्या घरचा पंखा

नरेंद्र विजेला भितो हे अंजूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचे पोट विजेवरच चालते हेही. आयटीआयमधून वायरमन होऊन तो भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात लागला, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात एका मोटरने त्याला भिंतीवर फेकले. त्यानंतर मेन स्विच आपल्या हाताने पाडल्याशिवाय, पुन्हा जाऊन पाहिल्याशिवाय आणि टेस्टर लावल्याशिवाय तो कशालाही शिवत नसे. कारीगर त्याला डॉक्टर म्हणत. “डॉक्टरसाब, नाडी देख ली? अब तो मशीन चालू करो!”

लूम एकेक करून भंगारात जाऊ लागले आणि नरेंद्रला दुसरे काम शोधावे लागले. दिघाशीच्या आसपासच्या पाड्यांवर एक संस्था सौर संच बसवत होती. छपरावर एक पॅनल, घरात एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर. त्यावर तीन दिवे आणि मोबाइलचे चार्जिंग. पाड्यांवर सरकारी लाइन होतीच, पण ती दिवसातून कितीदा जाई याला हिशेब नव्हता. सौर दिव्यांची वायरिंग वेगळी, लाइनची वेगळी. दोघींची गाठ कुठेच पडत नव्हती. एवढीशी वीज माणसाला काय करणार, असे नरेंद्रला वाटले. हे काम त्याने घेतले ते त्या दिलाशावर. चार वर्षांत त्याने एकेचाळीस घरांत संच बसवले.

मागच्या मे महिन्यात गोदामाच्या भरावाची माती नेणाऱ्या एका डंपरने त्यांतल्या एका पाड्याजवळची तार तोडली. नरेंद्र त्या दुपारी तिथेच पलीकडच्या एका घरात बॅटरी तपासत होता. लाइनमन केसरीनाथ मोटारसायकलवरून आला. त्याने सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतली आणि खांबाला दोर बांधला.

“काय रं नरू, तुजा सूर्य हाय ना रं जागेवर? आमची लाइन मेली, तर तुजं दुकान जोरात!”

“सावकाश चढा, केसरीकाका.”

“तू सांगतंस? बल्बाला भिणारा तू!”

नरेंद्र हसला आणि पाणी प्यायला खांबाशेजारच्या देवरामच्या घरात गेला. देवराम कांद्याच्या गोणीवर बसला होता. त्याच्या बायकोने, सोनीने, नातवाला झोळीत घातले होते. पोराला दोन दिवस ताप होता. नरेंद्र उंबऱ्याच्या आत टेकला. पाठीवरचा घाम सुकू लागला. बरे वाटले. त्याने तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले, आणि तांब्या खाली ठेवला.

वारा वरून येत होता.

आढ्याला पंखा फिरत होता. तो पंखा लाइनच्या वायरिंगवर होता, आणि लाइन तुटलेली होती.

“देवराम, पंखा कशावर चाललाय?”

“तुमच्याच सोलरवर, दादा.” देवरामला कौतुकाची अपेक्षा होती. “पोराला गरमी व्हती. ही बघा की वायर.”

इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून एक वायर निघून भिंतीतल्या लाइनच्या सॉकेटमध्ये गेली होती. दोन्ही टोकांना पिना होत्या. सौर वीज त्या वाटेने घरच्या वायरिंगमध्ये शिरत होती, तिथून मीटरमधून बाहेर, खांबाकडे. एरवी इन्व्हर्टरने सगळ्या गावाचा भार अंगावर येताच मान टाकली असती. पण तार खांबाच्या पलीकडे, सबस्टेशनच्या बाजूला तुटली होती. अलीकडे उरली होती चार घरे, त्यांतली तीन वीटभट्टीवर गेलेल्यांची, कुलूपबंद. तेवढा भार तो सहज पेलत होता. केसरीनाथ ज्या तारेला हात घालणार होता, ती जिवंत होती. तिचेच तुटके टोक खांबाखाली गवतात लोंबत होते आणि सोनीच्या शेळ्या तिकडेच चरत होत्या.

नरेंद्रने वायर ओढली, ती पिनेसकट हातात आली. पंखा मंदावला. तरी तो ओरडत पळाला. आपण वेळेवर ओढली की नाही, हे त्याला पाहिल्याशिवाय कळणार नव्हते.

“काका! हात नका लावू! काका!”

केसरीनाथ खांबाच्या टोकाशी होता. त्याचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

तो खाली उतरला. नरेंद्रने हातातली वायर दाखवली. केसरीनाथने ती उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

“कुणी शिकवलं रं तुला हे?” त्याने मागोमाग आलेल्या देवरामला विचारले.

“लूमवर शिफ्टला व्हतो तवा जनरेटर असाच जोडायचं, साहेब. म्या बघितलं.”

“आणि आधी मेन पाडायचे ते?” नरेंद्र म्हणाला.

“त्ये न्हाय बघितलं.”

नरेंद्र केसरीनाथकडे वळला. मग नरेंद्रने विचारले, “काका, चढण्याआधी तारांवर साखळी टाकली होती का? साखळी टाकली असती तर वीज जमिनीत गेली असती.”

“सबस्टेशन बंद हाय म्हटल्यावर साखळी कशाला टाकू? दुसरीकडून करंट येतो, असं बापजन्मात ऐकलं न्हाय.” केसरीनाथने दोर सोडून टाकला. “आता मी न्हाय चढत.”

“वायर काढली आहे.”

“तू काढलीस. तू म्हणतंस. त्या तारेला तू हात लाव, मग मी चढतो.”

नरेंद्रने गवतातल्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्याने केसरीनाथकडे पाहिले.

“टेस्टर न्हाय. हात.”

सोनीने शेळ्या मागे हाकल्या. नरेंद्र उकिडवा बसला. झटका बसला तर मूठ आवळून तार धरली जाते, म्हणून वायरमन उलटा हात लावतात. त्याने तसाच लावला. काहीच झाले नाही. तो देवरामचा खांदा धरून उठला. केसरीनाथने मोटारसायकलच्या पिशवीतून साखळी काढून तारांवर टाकली आणि तो वर चढला.

ती दोन पिनांची वायर नरेंद्रने पिशवीत घातली. केसरीनाथ काम आटोपून गेला, तशी याने संच बसवलेल्या घरांची यादी काढली आणि एकेका घरी जाऊ लागला. कुणी चहा विचारी. हा आत शिरून आधी भिंतीतली सॉकेटे पाही. संध्याकाळपर्यंत देवरामचे सोडून अकरा घरे झाली. त्यांतल्या दोन घरांत तशीच वायर निघाली. त्यांतल्या एका घरच्या बाईने ती धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, नीट जपून ठेवली होती.

अंबाडीच्या नाक्यावर येऊन त्याने केसरीनाथला फोन लावला.

“काका, अजून एकोणतीस घरं राहिली आहेत. मी सांगेपर्यंत या भागात कुठल्याही खांबावर चढू नका.”

“आणि तू काय सगळ्यांच्या भिंती बघत फिरणार?”

“हो.”

 मग केसरीनाथ हळू आवाजात म्हणाला, “नरू, मागच्या आठवड्यात मी त्याच पाड्यावर दोन खांब चढलो रं, साखळी न टाकता.”