साबणाने निघालेला पट्टा

निवृत्तीला वर्ष उलटलं, तरी कुणाच्या हातात नवा चुडा दिसला की मंगरूळपीरच्या मैदानातली ती संध्याकाळ मला हटकून आठवते.

संगीत महोत्सवाचा बंदोबस्त माझ्याकडे होता. आयोजकांनी नवीनच टूम काढली होती: आत रोख चालणार नाही. फाटकावर पैसे भरायचे, मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधून घ्यायचा आणि दुकानात तो यंत्राला टेकवायचा. 'पट्टा काढला तर बाद, पैसे परत नाहीत,' असं भोंग्यावर सारखं बजावत होते.

इंझोरीकडची एक बाई रडत चौकीत आली. शिवणकामाच्या कमाईतून भरलेले तिचे पैसे पट्ट्यातून गायब होते. पाठोपाठ आमचा खबऱ्या आला. "साहेब, ते बांगडीवाली चाची साबण लावून बायांचे पट्टे काढून राह्यली."

चाचीला चौकीत आणलं. महिला शिपायाने झडती घेतली, काही मिळालं नाही. पट्टे काढल्याचं तिने कबूल केलं. कशासाठी, ते मात्र सांगेना. आयोजक 'गुन्हा दाखल करा' म्हणून माझ्या डोक्यावर बसले होते.

"चाची, बोल्ली नाही त आत जाशीन," मी दरडावलं.

"जबान देली साहेब, कशी मोडू? पन चोर नोका म्हनू. एकदा नाव खराब झालं त कोनती बाई मले हात देईन?"

चोर फार बोलतो, हा माझा अनुभव. ही तर स्वतःच्या बचावाचंही बोलत नव्हती. म्हणून कागद करण्याआधी मी फिर्यादी बाईचा पट्टा यंत्रावर तपासायला लावला. त्यात मुळातच थोडे पैसे भरलेले होते आणि तेही बर्फाच्या गोळ्यावर संपले होते.

"गोया त माह्या जावेनं खाल्ला," बाई बोलून गेली आणि आपल्या नव्या बांगड्यांकडे बघत राहिली.

ती तिथे गप्प बसली असती तर? खरं बोलली तर नियमाने तिचे पैसे बुडणार होते आणि आयोजक समोरच उभे होते. तरी ती बोलली. "साहेब, चाचीची चूक नाई. पट्ट्यापाई बांगड्या चढे ना. आमी दोघी जावांनीच तिले काढाले लावले, कोनाले सांगू नोको म्हनून शपथ घातली. घालताना अदलाबदली झाली असन."

जावेला बोलावलं. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यात या बाईचे सगळे पैसे जसेच्या तसे होते. आयोजक नियम काढू लागले; मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पैसे परत मिळाले.

पण बाहेर गर्दी जमली होती आणि 'चोरटी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. तो शब्द पोलिसाला मागे घेता येत नाही. ते काम त्या बाईने केलं. चौकीच्या पायरीवर ती सगळ्यांदेखत बसली आणि हात पुढे केला. "चाची, या हातात अजून दोन भरा."

चाचीने ओढणीने डोळे पुसले आणि तो हात हातात घेतला. त्या बाईच्या मागे तिची जाऊ येऊन बसली, जावेमागे आणखी एक अनोळखी बाई.

माझ्या नोकरीत शाबासक्या पुष्कळ मिळाल्या. त्या दिवशी मात्र एका निरपराध बाईला आत टाकण्यापासून मी वाचलो, तो इंझोरीकडच्या त्या बाईमुळे. माणसं भीतीने खोटं बोलतात, हे खात्याने मला शिकवलं. भीती असूनही खरं बोलतात, हे तिने. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. तिचा चुडा अखंड राहो.