लक्ष आहे माझं

पिठाच्या डब्यातली ती चिठ्ठी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस खात्यात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी गुन्हे शाखेत. नको नको ते कागद या हातांनी पंचनाम्याला जोडले. पण त्या चार ओळींनी माझे जसे हातपाय गार पडले, तसे नोकरीत क्वचितच पडले असतील. आणि गंमत बघा, ही केस माझ्या नोकरीतली नाहीच. निवृत्त होऊन मी मुलाकडे हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आलो होतो. ना वर्दी, ना शिपाई, ना ठाणं. तरी मी तिला माझीच केस मानतो. नावं मात्र कुणाचीच देणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब राहायचं. नवरा-बायको दोघंही आयटीत, एकुलती एक मुलगी सतरा वर्षांची आणि उंचीला जवळजवळ सहा फूट. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. जिन्यात भेटली की मी विचारायचो, "काय गं, जिंकलीस की नाही?" ती हसून "येस, काका" म्हणायची आणि सायकल काढून पसार व्हायची. बास्केटबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंनी तिचे व्हिडिओ बघून तिला आपल्या संघात जागा देऊ केली होती. ऑगस्टमध्ये जायचं ठरलं होतं.

तिकडचे सामने संपले आणि त्या बाई दुसऱ्या कॉलेजात गेल्या. मुलीच्या वडिलांनी मला समजावून सांगितलं की हंगाम संपला की तिकडे असंच चालतं. प्रशिक्षक कॉलेज बदलतात, मागोमाग खेळाडू बदलतात, नवा प्रशिक्षक जुन्याची यादी फिरवतो. म्हटलं, मला काय सांगता! आमच्याकडेही बदल्यांचा मोसम असतो. नवा साहेब येतो तो आपला लिखापढीचा रायटर आणि आपला ड्रायव्हर घेऊनच, आणि जुन्या साहेबाची माणसं दोन दिवसांत बंदोबस्ताला लागतात. हे ऐकून ते हसले नाहीत. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

पण काही दिवसांनी मुलीला नव्या सहायक प्रशिक्षकाची ईमेल आली. तुझी जागा पक्की आहे, सराव चालू ठेव. मग दर आठवड्याला एक पत्र. पोरगी खुलली. हे सगळं मला जिन्यातल्या गप्पांमधून कळत होतं.

मग तो जून महिन्यातला शनिवार उजाडला. सकाळी साडेदहाला दारावर थाप पडली. मुलगा-सून बाहेर गेले होते. दारात मुलीची आई, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. एका हाताचं बोट ओठांवर, दुसऱ्या हातात कागद. मला जिन्यात ओढून ती कुजबुजली, "काका, तुम्ही पोलीस होतात ना? मग हे वाचा. मोठ्यानं वाचू नका."

पोळ्यांसाठी पीठ काढायला तिनं डबा उघडला, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीचा फोन, एका ईमेलची छापील प्रत आणि एक चिठ्ठी. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. 'आई, घरात बोलू नको. तो ऐकते. त्याला आपला सगळा माहीत आहे. मी नीट आहे.'

"तो ऐकते," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "काका, सतरा वर्षांत तिनं मला मराठीत एक ओळ लिहिलेली नाही. सकाळी सातला सरावाला म्हणून गेली. क्लबमध्ये फोन केला, आज सरावच नाहीये."

मी तिथेच पायरीवर बसून त्या सहायक प्रशिक्षकाची ईमेल वाचली. मुलीच्या पूर्ण नावानं सुरुवात. गुरुवारी तुझा डावा गुडघा आखडला होता, बर्फ लाव. रात्री फोन बघत बसतेस, ते बंद कर. न्याहारी टाळू नकोस. आणि शेवटी, 'आय ॲम ऑलवेज वॉचिंग यू.' त्याखाली मुलीनं पेननं डचमध्ये लिहिलं होतं. आईनं अर्थ सांगितला. 'मी कॉलेजला फोन केला, या नावाचा कुणीही माणूस तिथे नाही.'

समुद्रापलीकडचा माणूस, आणि त्याला या घरातल्या न्याहारीची खबर. माझ्या नोकरीत एका मिसिंगमध्ये, म्हणजे बेपत्ता माणसाच्या तपासात, मी दोन तास उशिरा पोचलो होतो. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण ते दोन तास त्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

आईला म्हटलं, आधी इथल्या पोलिसांना फोन करा, तोही खाली रस्त्यावर जाऊन. वीस मिनिटांत एक पोलीसबाई आली. शांत, कामाला चोख. मुलीचा फोटो, कपडे, सायकलचा रंग सगळं टिपून तिनं लगेच पुढे कळवलं, आणि मग घर बघायला सुरुवात केली. कुणीच बोलत नव्हतं. आई कागदावर लिहून विचारत होती, पोलीसबाई लिहून उत्तर देत होती. दिव्यांची बटणं, टीव्हीची मागची बाजू, पुस्तकांचं कपाट. छताला लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या यंत्राचा तांबडा ठिपका लुकलुकायचा आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. आपलं एवढंसं खोकणंही कुणीतरी कुठेतरी टिपून घेतंय, असं वाटत होतं.

वडील जेवणाच्या टेबलाशी बसून होते. आता एक अनुभवाची गोष्ट सांगतो. ज्याचं माणूस हरवलेलं असतं, तो दाराकडे बघतो. फोन वाजला की उडतो. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. त्या आईचं तेच चाललं होतं. वडील मात्र त्या छापील पत्राकडे बघत होते, आणि बघून नजर चोरत होते.

मी पत्र पुन्हा हातात घेतलं. या वेळी भीती बाजूला ठेवून, पुराव्याचा कागद वाचतात तसं वाचलं. पहिली गोष्ट म्हणजे नाव. मुलीचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. आईला हळूच विचारलं, "हिच्या शाळेत, क्लबात, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये लावता?" तिनं मान हलवली. इथे कोण लावतं? नुसतं नाव आणि आडनाव. आणि ते शेवटचं वाक्य. मी ते मनात मराठीत म्हणून बघितलं आणि चमकलो. अहो, हे तर मी आयुष्यभर म्हणत आलोय!

"चला," मी वडिलांना म्हणालो, "तिची सायकल खरंच नेली आहे का, ते बघू."

तळमजल्यावर सायकली ठेवायची खोली आहे. सायकल गेलीच होती, ते मला माहीत होतं. मी दार लोटून घेतलं, खिशातली वही-पेन त्यांच्यापुढे धरलं. "पोलिसांना अर्ज द्यावा लागतो. इंग्रजीत लिहा. मुलीचं पूर्ण नाव, वय, वर्णन." हे खोटं होतं. असलं खोटं बोलायची आम्हाला सवय असते.

बिचाऱ्यानं सीटवर वही टेकवून लिहिलं. मुलीचं नाव, स्वतःचं नाव, आडनाव. मी ती ईमेल शेजारी धरली आणि मधल्या नावावर बोट टेकवलं. चौकशीत निम्मं काम गप्प बसण्यानं होतं.

"काका," शेवटी ते म्हणाले, "मी तिला घाबरवायला नाही हो लिहिलं."

एकदा बांध फुटल्यावर सगळंच बाहेर आलं. नव्या प्रशिक्षकानं एप्रिलमध्येच कळवलं होतं की तुमच्या मुलीसाठी जागा नाही. ते पत्र वडिलांकडे आलं. जुन्या बाई गेल्या तेव्हा पोरगी तीन दिवस जेवली नव्हती. आता हे कसं सांगायचं? दुसरं कॉलेज मिळेपर्यंत चार दिवस धीर द्यावा, म्हणून त्यांनी तो सहायक प्रशिक्षक उभा केला. चार दिवसांचे दोन महिने झाले. दुसरं कॉलेज काही मिळालं नाही.

"आणि हे? वॉचिंग यू?"

"लक्ष आहे माझं तुझ्याकडे, असं म्हणायचं होतं मला. तिनं खचू नये म्हणून." ते मटकन खाली बसले. "तिला वाटलं, कुणी परका माणूस घरात... अरे देवा. आणि त्याला कळू नये म्हणून तिनं मराठीत लिहिलं."

मला राग आला होता, आणि कीवही. पण पोरगी अजून बाहेरच होती. कुणी मागावर नव्हतं हे आम्हाला कळलं होतं, तिला नाही. घाबरलेलं पोर रस्ता बघत नाही, गाडी बघत नाही. मी म्हटलं, "उठा. तिनं त्या प्रशिक्षकाला लिहिलेली सगळी उत्तरं उघडा."

वर येऊन मी पोलीसबाईला सरळ सगळं सांगितलं. आईनं नवऱ्याकडे एकदाच बघितलं, ते न बघवण्यासारखं होतं. मग आम्ही ती उत्तरं वाचायला बसलो. त्यात मुलीनं मन मोकळं केलं होतं. शाळेतल्या मैत्रिणी, क्लबमधल्या मुली, आवडतं दुकान, सगळ्यांचे उल्लेख होते. मी आईला म्हटलं, "जो ऐकतो त्याच्यापासून लपायचं, तर ती त्याला माहीत असलेल्या ठिकाणी जाणार नाही. यात जिचं नाव आलेलं नाही अशी तिची कोण मैत्रीण आहे, ते आठवा."

आईनं डोळे मिटले. "तिच्या आधीच्या संघात एक मुलगी होती. गुडघा गेला म्हणून खेळ सोडला तिनं. आता टिलबर्गला युनिव्हर्सिटीत आहे."

पोलीसबाईनं टिलबर्गला फोन लावला. तासाभरात निरोप आला. मुलगी तिथेच होती. स्टेशनवर सायकल लावून ट्रेननं गेली होती. आईचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तिकडच्या पोलिसांना ती दार उघडत नव्हती. म्हणत होती, तुम्ही खरे पोलीस कशावरून?

आम्ही तिघं गाडीनं टिलबर्गला निघालो. वाटेत वडिलांनी मला विचारलं, "काका, कुणीतरी भामटा होता, पकडला गेला, असं सांगितलं तर नाही का चालणार? ती माझं तोंड बघणार नाही हो."

"आणि मग तो सुटून आला तर, म्हणून ती जन्मभर दाराला दोन कड्या लावेल," मी म्हणालो. मला माझाच आवाज जरा चढलेला वाटला. "तिला तो माणूस दिसलाच पाहिजे."

विद्यार्थ्यांच्या इमारतीत तिसरा मजला. बंद दार. वडील दाराशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाळा, बाबा आहे."

आतून आवाज आला. तोही मराठीत, अडखळत. "बाबा, तुला कोण बोलायला लावते काय? लावत असेल तर खोक."

माझ्यासारख्या दगडाच्याही डोळ्यांत पाणी आलं. वडील खोकल्याची उबळ आल्यासारखे गदगदले, मग तोंडावर हात धरून त्यांनी ती परतवली. "नाही गं. तो माणूस मीच आहे. ती पत्रं मी लिहिली. तू सायकलवर बसतेस तेव्हा मी खिडकीतून काय म्हणतो रोज? लक्ष आहे माझं. तेच लिहिलं होतं. इंग्रजीत ते असं होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग कडी निघाली. एवढी उंच पोर, पण दारात अंग चोरून उभी होती.

"म्हणजे कुणीच नाहीये?" तिनं विचारलं.

"कुणीच नाहीये."

तिनं भिंतीला टेकून श्वास सोडला. मग तिला दुसरी गोष्ट उमगली. तिचा चेहरा माझ्यासमोर बदलला.

"आणि कॉलेज?"

वडिलांनी मान खाली घातली. "तेही नाही."

ती आईच्या गळ्यात पडली. वडिलांकडे तिनं बघितलं नाही. परत येताना ती ट्रेननं आईबरोबर आली.

पोलीसबाईनं जबाब घेतले, वडिलांना चांगलं खडसावलं, आणि मुलीला हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे नेऊन कुणाशी तरी बोलू द्या असं बजावलं. कित्येक आठवडे ती पोरगी फोन खोलीबाहेर ठेवून झोपायची. पुढे तिनं त्या जुन्या प्रशिक्षक बाईंना स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. मी भारतात परतलो तोवर उत्तर आलं नव्हतं. पण ती सरावाला जात होती, आणि वडील आता उघडपणे बाकावर बसून बघायचे, तोंडातून चकार शब्द न काढता.

या केसनं मला काय शिकवलं, ते सांगताना थोडी लाज वाटते. सुटून आलेल्या गुन्हेगारांना आम्ही ठाण्यात हजेरीला बोलवायचो. सही झाली की मी प्रत्येकाला म्हणायचो, "जा. लक्ष आहे माझं." त्यांनी घाबरावं म्हणूनच म्हणायचो. आणि सकाळी वर्दी चढवून मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडताना त्यालाही हेच म्हणायचो. माझ्या मते ती माया होती. शब्द तेच, सूरही बहुधा तोच.

टिलबर्गहून आल्यावर मी मुलाला सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "काय रे, तू लहान होतास तेव्हा मी म्हणायचो ते, लक्ष आहे माझं, आठवतं?"

तो चहा गाळत होता. हात थांबले नाहीत त्याचे.

"आठवतं की," तो म्हणाला. "मी वर्गात जाईपर्यंत मागे वळून बघायचो नाही, बाबा. भीती वाटायची."