भरतीची वेळ

प्रधान मॅडम वर्गात आल्या की हजेरीआधी फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या पर्यावरण धोरण शिकवत. एखादा कायदा वाचून झाला की म्हणत, "आता हाच चिखलात उभं राहून वाचायचा."

विक्रोळीच्या खाडीवर त्यांनी आम्हाला नेलं ते ओहोटीला. बायका गुडघाभर चिखलात शिंपल्या वेचत होत्या. त्यांतल्या पार्वतीमावशी म्हणाल्या, "बाई, पोरांना बूट काढायला सांगा, नायतर हितंच ऱ्हातील." माझा एक राहिलाच. मॅडम हसल्या, मग म्हणाल्या, "भरतीला आला असतात तर नुसतं पाणी दिसलं असतं. कुणी पाहणी केली म्हटलं, की आधी वेळ विचारा."

पुढे मी सल्लागार कंपनीत लागलो. त्याच खाडीवरून खांबांवर उभारलेला रस्ता जाणार होता आणि पाहणी माझ्याकडे आली. गाडी मिळाली दुपारी बाराला. पाणी काठाला लागलेलं. पुन्हा यायला हवं हे मला कळत होतं, पण अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी लिहिलं, 'खांबांच्या पट्ट्यात शिंपल्यांची जागा नाही.'

जनसुनावणीला पार्वतीमावशी बायकांना घेऊन हरकत नोंदवायला आल्या. नकाशावरची रेघ त्यांच्या चिखलावर पडते का, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्यासोबत मॅडम होत्या, आता निवृत्त झालेल्या. त्यांनी मला विचारलं, "किती वाजता गेला होतास रे?"

"ओहोटीला, मॅडम."

त्या मावशींकडे वळल्या. "हा माझा विद्यार्थी आहे. बघून आलाय. तुमची जागा वाचते." बायकांनी हरकत मागे घेतली.

खांब नेमके त्या चिखलातच उभे राहिले.

त्यानंतर मी मॅडमच्या घरी गेलो. टेबलावर माझा अहवाल होता. पाहणीची वेळ त्यात मी बाराच लिहिली होती. तिच्यापुढे पेन्सिलीनं, फळ्यावरच्या त्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं : भरती, १२.१०. मॅडमनी चहा दिला, माझ्या मुलीची चौकशी केली. चहा पिऊन मी निघालो.

मॅडम गेल्या त्या दिवशी पार्वतीमावशी आल्या होत्या. "बूट हरवलेला तो तूच ना?" त्यांनी मला ओळखलं. जवळ बसून म्हणाल्या, "बाईंनी घरोघर येऊन आमची माफी मागितली रे. म्हणाल्या, पोरानं बरोबर सांगितलं होतं, नकाशा मीच चुकीचा वाचला. एवढ्या शिकलेल्या बाईची अशी चूक होते?"

"होते कधी कधी," मी म्हणालो.