गौरीची लंगडी

लग्नाआधी मी शहापूरला स्क्रीन प्रिंटिंगचा कोर्स केला होता, आणि मुरबाडजवळच्या सासरी आल्यावर पडवीतच टेबल मांडलं. सुरुवातीला लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापत होते. मग मुरबाडच्या बाजारात लहान मुलींचे फ्रॉक विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "कापड छापून द्याल का? आपल्याकडचंच काहीतरी हवं, पण वारली नको. ते सगळेच छापतात."

आमच्याकडे गौरी येतात तेव्हा सासूबाई तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटवायच्या. तेच घ्यायचं ठरवलं. मी काळ्या शाईत मूठ बुडवून ट्रेसिंग पेपरवर दाबली, वर बोटाने पाच ठिपके दिले आणि त्यावरून छापायची जाळी, म्हणजे स्क्रीन, तयार केली. पावलं सरळ रांगेत न ठेवता वळणं घेत, एकमेकांच्या वाटा ओलांडत नेली. पिवळ्या सुती कापडावर निळा रंग. चार मीटर छापून वाळत घातलं आणि स्वतःवरच खूश होऊन चहा ठेवला.

सासूबाई शेतावरून आल्या, कापडासमोर उभ्या राहिल्या आणि एकेका पावलावरून बोट फिरवत गेल्या.

"आगो, ही सगली उजवीच पावलां. डावा पाय कुठं गेला?"

मी कापड पुन्हा नीट पाहिलं. एकच मूठ, एकच स्क्रीन. दुसरं पाऊल येणार कुठून? सासूबाईंना हसू आवरेना. "गवर लंगडी खेलते तुजी."

हसता हसता मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून डावी मूठ शाईत बुडवून दिली. दुसरी स्क्रीन झाली, पावलांची जोडी जमली, काम चोख उतरलं. पण ते बघून कुणाचा चेहरा खुलेना, माझासुद्धा.

मी दोन्ही तुकडे बाजारात नेले. बाईंनी जोडीचा तुकडा बाजूला सारला आणि लंगडीवाला अंगाशी धरून पाहिला. "हेच द्या. पोरी उड्या मारत घालतील."

घरी येताना मन खात होतं. देवीची पावलं फ्रॉकवर, तीही खेळणारी; चालेल का? घाबरत घाबरतच सासूबाईंना विचारलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहेरी येते ना ती? मंग खेलू दे की. सासरी हायेच सरल चालायचं."

मग मी ते कापड बरीच वर्षं छापलं, हिरव्यावर पांढरं, गुलाबीवर जांभळं. पार वैशाखऱ्यापर्यंतच्या गावांतल्या मुलींच्या अंगावर ते दिसायचं. जोडीच्या तुकड्याची सासूबाईंनी पिशवी शिवून घेतली आणि सुनेचं काम म्हणून बाजारात मिरवली.